ब्रिटनमधील सुपरमार्केटांची लॉयल्टी कार्डे: किराण्याच्या खर्चात खरी बचत कशाने होते?

रेडिंगवासी

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी आम्ही नाशिकहून इंग्लंडमधील रेडिंग येथे राहायला आलो. घरात आम्ही पती-पत्नी, बाटलीचे दूध पिणारे सात महिन्यांचे बाळ आणि बाळासाठी म्हणून आलेल्या माझ्या सासूबाई आहेत. किराणा, भाजी, दूध, साबण-पावडर असे सगळे धरून महिन्याला सुमारे ४०० पौंड खर्च होतात आणि घरभाडे वाढल्यामुळे हा आकडा खाली आणणे आम्हाला आता भागच आहे.

चालत जाता येईल एवढ्या अंतरावर टेस्को आणि आल्डी आहेत, बसने गेल्यास सेन्सबरीज आणि लिडल लागतात, आणि तूरडाळ, पोहे, ज्वारीचे पीठ यांसाठी आम्ही भारतीय दुकानात जातो. आल्डी सोडल्यास प्रत्येक सुपरमार्केट आपले कार्ड किंवा अ‍ॅप घ्यायला सांगते. भारतात पाकिटावर छापील किंमत असते आणि दुकानदार त्याहून जास्त घेऊ शकत नाही, ही आपली वर्षानुवर्षांची सवय आहे. इथे बहुतेक पाकिटांवर किंमतच नसते आणि फळीवर एकाच वस्तूला दोन किमती लावलेल्या दिसतात, कार्ड असणाऱ्यांना कमी आणि नसणाऱ्यांना जास्त. त्यामुळे ही जास्तीची किंमत मुळात फुगवूनच लिहिलेली असेल का, अशी शंका मनात येते.

पॉइंट्स लवकर साठावेत म्हणून सगळी खरेदी एकाच दुकानातून करावी, की प्रत्येक दुकानाचे कार्ड घेऊन जिथे जे स्वस्त असेल ते तिथून आणावे? टेस्कोचे क्लबकार्ड आणि सेन्सबरीजचे नेक्टर यांपैकी कोणते अधिक फायद्याचे आहे? इथे बराच काळ राहून ज्यांनी घरखर्चाचा नीट हिशेब ठेवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


हिशेबी

रेडिंगवासी ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी सुट्या केल्या तर निर्णय सोपा होईल. एक म्हणजे खरेदीवर साठणारे पॉइंट्स आणि दुसरी म्हणजे कार्ड दाखवल्यावर त्याच क्षणी कमी होणारी किंमत. दुकाने दोन्हींची जाहिरात एकाच दमात करतात, पण तुमच्या खिशावर होणारा दोन्हींचा परिणाम फार वेगळा असतो.

आधी पॉइंट्स घेऊ. टेस्कोत एका पौंडाच्या खरेदीला एक पॉइंट मिळतो आणि टेस्कोतच वापरायचा झाल्यास त्याची किंमत एक पेनी, म्हणजे परतावा एक टक्का. सेन्सबरीजमध्येही पौंडाला एक नेक्टर पॉइंट मिळतो, पण २०० पॉइंट्सचा एक पौंड होतो, म्हणजे परतावा अर्धा टक्का. तुमचा महिन्याचा सगळाच्या सगळा ४०० पौंडांचा खर्च टेस्कोत झाला असे धरले, तरी महिन्याला ४ पौंड आणि वर्षाला ४८ पौंड हाती येतील. सेन्सबरीजमध्ये त्याच्या निम्मे. प्रत्यक्षात सगळा खर्च एका दुकानात होत नाही, त्यामुळे हा आकडा आणखी खाली येतो. आता असे पाहा की एखाद्या दुकानातील तुमची नेहमीची यादी आल्डीपेक्षा दोन टक्क्यांनी जरी महाग पडत असेल, तरी पॉइंट्सने दिलेले सगळे परत गेले आणि वर पदरचे पैसे गेले. म्हणून पॉइंट्ससाठी दुकान निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

किमतीतल्या सवलतीचे गणित मात्र निराळे आहे. समजा, ६ पौंडांची कॉफीची बरणी क्लबकार्डावर साडेचार पौंडांना आहे. या एका बरणीवर वाचलेला दीड पौंड पॉइंट्समधून मिळवायचा असेल तर तुम्हाला दीडशे पौंडांची खरेदी करावी लागेल. टेस्कोने या क्लबकार्ड किमती २०१९ मध्ये आणल्या आणि सेन्सबरीजने नेक्टर किमती एप्रिल २०२३ मध्ये सुरू केल्या, तेव्हापासून इथल्या कार्डांचा खरा उपयोग हाच झाला आहे. दोन्ही कार्डे फुकट मिळतात, त्यामुळे दोन्ही घ्या, लिडलचे अ‍ॅपही घ्या, आणि कोणत्याही एका दुकानाशी बांधील राहू नका. नेक्टरच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवा की त्यांच्या अ‍ॅपमध्ये ठरावीक वस्तूंवर जादा पॉइंट्सच्या ऑफर येतात, पण खरेदीला जाण्यापूर्वी त्या अ‍ॅपमध्ये जाऊन साठवाव्या लागतात. नुसते कार्ड दाखवून त्या मिळत नाहीत.

कार्डावरची सवलत बहुतेक वेळा नावाजलेल्या कंपन्यांच्या आणि टिकाऊ वस्तूंवर असते: कॉफी, चहा, बिस्किटे, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, शांपू, डायपर. यांच्या ऑफर काही आठवड्यांनी फिरून परत येतात, हे थोडे लक्ष ठेवल्यावर कळते. अशा वस्तू ऑफर असताना पुढची ऑफर येईपर्यंत पुरतील एवढ्या आणून ठेवायच्या आणि मधल्या काळात पूर्ण किमतीला घ्यायच्या नाहीत, एवढे केले तरी बिलात फरक दिसतो. दूध, अंडी, कांदे, बटाटे, गाजर, पास्ता यांवर कार्डाने फारसे काही होत नाही. यांतल्या बऱ्याच वस्तू टेस्को आणि सेन्सबरीज दोघेही ‘आल्डी प्राइस मॅच’ अशी पाटी लावून आल्डीच्या भावाने विकतात आणि त्याला कार्ड लागत नाही.

घराजवळचे तुमचे टेस्को मोठे आहे की एक्सप्रेस, म्हणजे त्यांची छोटी शाखा, हे तुम्ही लिहिलेले नाही. एक्सप्रेस असेल तर तिथे तीच वस्तू मोठ्या दुकानापेक्षा अनेकदा महाग असते आणि क्लबकार्डाची पिवळी पाटी पाहून ते ध्यानात येत नाही.


क्रॉयडनकर

जास्तीची किंमत फुगवलेली असते का, या तुमच्या शंकेचे उत्तर इथल्या नियामकाने तपासून दिलेले आहे. ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटीने, म्हणजे बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०२४ मध्ये याचीच चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. सुमारे ५०,००० वस्तूंच्या कार्डावरील किमती त्यांनी त्याच दुकानातील नेहमीच्या किमतींशी ताडून पाहिल्या आणि ९२ टक्के वस्तूंवरील सवलत खरी असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच अहवालात असेही नोंदले आहे की निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के, ग्राहकांना तुमच्यासारखीच शंका वाटत होती.

हा निष्कर्ष वाचताना एक गोष्ट निसटू देऊ नये. तुलना त्याच दुकानातील नेहमीच्या किमतीशी होती, शेजारच्या दुकानाशी नव्हती. कार्डावरील किंमत हीच सगळीकडची सर्वांत कमी किंमत असते असे नाही, त्यामुळे इतर दुकानांत चौकशी करणे फायद्याचेच राहते, हेही अहवालात म्हटले आहे. तेव्हा कार्डावरची सवलत खरी असूनही ती वस्तू आल्डीत विनाकार्ड अधिक स्वस्त असू शकते. आपल्याकडे छापील किमतीमुळे वरची एक मर्यादा तरी पक्की असते. इथे ती मर्यादा नाही, नेहमीची किंमत दुकानच ठरवते, आणि म्हणून ‘किती वाचले’ या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. ‘किती दिले’ एवढेच पाहावे.

पाटीचा रंग डोळ्यांवर किती परिणाम करतो, याचा एक दाखला न्यायालयातच मिळाला. निळ्या चौकोनात पिवळे वर्तुळ अशी क्लबकार्ड किमतींची जुनी खूण लिडलच्या खुणेसारखी असल्याचा दावा लिडलने केला होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने लिडलच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यत्वे कायम ठेवला. त्या खुणेमुळे टेस्कोच्या किमती लिडलशी जुळवलेल्या आहेत असा काही ग्राहकांचा समज होत होता, हे न्यायालयाने मान्य केले. त्यानंतर टेस्कोने ती खूण बदलली. खूण पाहून स्वस्ताईचा अंदाज बांधणारे ग्राहक एवढे असतील तर आपणही सावध असायला हवे.

माझ्या मते खरी तुलना एकाच जागी होते आणि ती म्हणजे फळीवरच्या पट्टीतील बारीक अक्षरांची ओळ, ज्यात प्रति किलो, प्रति लिटर किंवा प्रति १०० ग्रॅम किती पडतात ते लिहिलेले असते. ही ओळ वाचताना एकक तपासा. शेजारशेजारच्या दोन डब्यांपैकी एकावर भाव किलोचा आणि दुसऱ्यावर १०० ग्रॅमचा असू शकतो आणि कपड्यांच्या साबणाला एकीकडे वजनाचा, तर दुसरीकडे दर धुण्याचा भाव दिलेला असतो. जुलै २०२३ मध्ये याच नियामकाने एकक भावांची पाहणी केली तेव्हा त्यात एकवाक्यता नसल्याचे आणि ऑफरच्या वस्तूंवर तो भाव कित्येकदा दिलेलाच नसल्याचे त्यांना आढळले होते. त्यामुळे कार्डावरच्या किमतीचा किलोमागचा भाव फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर आपण स्वतः काढावा लागण्याची वेळ अनेकदा येते. दोन छोटी पाकिटे ऑफरमध्ये मोठ्या पाकिटापेक्षा स्वस्त पडत आहेत, हे त्याशिवाय कळत नाही.


मेथीची जुडी

मी लेस्टरला राहते आणि आमच्या घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक बहुतेक मराठी पद्धतीचा असतो. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मात्र आपल्या स्वयंपाकघराचा विचार त्यांत थोडा कमी पडला असे वाटते. तूरडाळ, मसूर, बेसन, पोहे, शेंगदाणे, ज्वारी-बाजरीचे पीठ, गूळ, कढीपत्ता, मेथी, हिरव्या मिरच्या, आले-लसूण ही तुमच्या खर्चाची मोठी बाजू असणार आणि तिच्यावर कोणत्याही सुपरमार्केटच्या कार्डाचा फारसा प्रभाव नाही. ज्या दुकानात या वस्तू स्वस्त मिळतात तिथे बहुधा कार्डच नसते.

कोथिंबिरीचेच पाहा. सुपरमार्केटमध्ये ती प्लास्टिकच्या पाकिटात ३० ग्रॅम मिळते, देठ कापून, मोजून ठेवलेली. एका आमटीला आणि दोन वाट्या कोशिंबिरीला ती संपते. भारतीय दुकानात बाहेरच्या खोक्यात मुळांसकट जुड्या ठेवलेल्या असतात आणि त्यातली एक जुडी निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर पुरते. किलोचा भाव काढलात तर दोन्हींमध्ये कैक पटींचा फरक दिसेल आणि कोणत्याही ऑफरने तो भरून निघत नाही.

मसाल्यांच्या बाबतीत सुपरमार्केटच्या आतच दोन वेगळे भाव असतात, हे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते. केक-बेकिंगच्या सामानाशेजारी काचेच्या छोट्या बाटल्यांमधून ४०-५० ग्रॅम जिरे किंवा हळद ठेवलेली असते. तेच जिरे, तीच हळद जगभरच्या खाद्यपदार्थांच्या फळीवर ईस्ट एंड, टीआरएस, नॅटको यांच्या साध्या प्लास्टिकच्या पाकिटांत, वजनाला कितीतरी अधिक आणि किलोमागे कितीतरी स्वस्त मिळते. बाटलीवर क्लबकार्डाची सवलत असली तरी ती पाकिटाच्या जवळ येत नाही.

कार्डाचा उपयोग आपल्याला खऱ्या अर्थाने होतो तो दिवाळीच्या आणि रमजानच्या सुमारास. त्या दिवसांत मोठी सुपरमार्केट बासमती तांदळाच्या १० किलोच्या गोण्या, कणीक, तेलाचे कॅन आणि तूप दर्शनी भागात मांडतात आणि त्यांवर कार्डाच्या किमती लावतात. तेव्हा भारतीय दुकानाचा भाव आधी माहीत करून घ्यावा आणि जिथे किलोला कमी पडेल तिथे घ्यावे. तांदळाची गोणी घ्यायला हरकत नाही, पण कणकेच्या बाबतीत हात आखडता ठेवा. इथली घरे थंडीत दमट होतात, पीठ कुबट लागू लागते आणि चौघांच्या घरात मोठे पोते संपायला वेळ लागतो. स्वस्तात आणलेली कणीक टाकून द्यावी लागली तर ती सर्वांत महाग पडते.

तुम्ही बसने भारतीय दुकानात जात असाल तर बसचे भाडेही हिशेबात धरा. जड सामान महिन्यातून एकदाच दोघांनी मिळून आणावे आणि भाजी मात्र जेव्हा त्या बाजूला जाणे होईल तेव्हा.


रेडिंगवासी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिल्याबद्दल आभार. जवळचे टेस्को मोठे आहे, एक्सप्रेस नाही. मसाल्यांच्या दोन फळ्यांबद्दल मला खरोखरच माहिती नव्हती.

आणखी तीन गोष्टी विचारते. सासूबाई दुपारी बाळाला घेऊन फिरायला जातात तेव्हा येताना दूध-ब्रेड आणतात, पण त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. त्यांना कार्डाची किंमत कशी मिळेल? बाळाच्या दुधाच्या पावडरीवर मोठा खर्च होतो आणि तिच्यावर कधीच ऑफर दिसत नाही, याचे कारण काय? आणि या कार्डांमधून आपण काय काय खरेदी करतो याची सगळी नोंद दुकानाकडे जाते, त्याची काळजी करावी का?


जुना लंडनकर

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मीही फोनवरच्या अ‍ॅपच्या फार आहारी गेलेलो नाही. टेस्को आणि सेन्सबरीज या दोघांकडेही प्लास्टिकचे कार्ड चालते. तुमच्याच खात्याचे कार्ड त्यांच्या पाकिटात असू द्या. स्वतः पैसे भरण्याच्या यंत्रावर बिल चुकते करण्यापूर्वी कार्डावरील काळ्या पट्ट्या (बारकोड) यंत्राच्या काचेसमोर धरल्या की पडद्यावरची एकूण रक्कम तिथल्या तिथे कमी झालेली दिसते; ती कमी झाल्याशिवाय पैसे भरू नयेत, एवढे त्यांना एकदा दाखवून द्या. यंत्र इंग्रजीत बोलते म्हणून कुणी ज्येष्ठ व्यक्ती संकोचत असेल तर माणूस बसलेल्या काउंटरवर जावे आणि सामान देतानाच कार्ड पुढे करावे. लिडलची सवलत मात्र फक्त अ‍ॅपवर मिळते आणि ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. ज्यांना दोन पौंड वाचवण्याची सर्वाधिक गरज आहे, त्या वृद्धांपैकी कित्येकांकडे स्मार्टफोन नसतो. क्रॉयडनकरांनी उल्लेख केलेल्या अहवालातही स्मार्टफोन नसलेल्या ग्राहकांची सोय करण्याकडे दुकानांचे लक्ष वेधलेले आहे.

या योजनांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून पॉइंट्सची किंमत नेमकी कळते. ग्राहकाला खरेदीच्या प्रमाणात काही परत देण्याची पद्धत इथे १८४४ पासूनची आहे. त्या वर्षी मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावातील कामगारांनी स्वतःच्या मालकीचे सहकारी दुकान काढले आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना वाटला. आपल्याकडच्या सहकारी ग्राहक भांडारांचे मूळही त्याच विचारात आहे. तो लाभांश होता, सभासद दुकानाचे मालक होते. आजही को-ऑप या सहकारी दुकानसाखळीचे सभासदत्व एका पौंडात मिळते आणि सभासदांसाठी वेगळ्या किमती असतात.

पुढे १९५८ मध्ये ग्रीन शील्ड स्टॅम्प आले. खरेदीवर हिरवी तिकिटे मिळत, ती वहीत चिकटवायची आणि वह्या भरल्या की वस्तू घ्यायच्या. टेस्को १९६३ पासून ही तिकिटे देत असे. १९७७ मध्ये टेस्कोने ती बंद केली आणि त्यांच्यावर होणारा खर्च सरळ किमती उतरवण्यात घातला, आणि ग्राहकांनी त्याला उत्तम प्रतिसाद दिला. म्हणजे पॉइंट्सपेक्षा कमी किंमत लोकांना अधिक हवी असते, हे याच दुकानाने एकदा स्वतः सिद्ध केलेले आहे. त्यानंतर १९९५ मध्ये क्लबकार्ड आले ते कोण काय घेतो हे जाणून घेण्यासाठी, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा संबंध तिथे येतो. त्यावर अधिक जाणकारांनी लिहावे.


आठवणीतली आई

दुधाच्या पावडरीबद्दल लिहिते, कारण हा प्रश्न इथल्या प्रत्येक नव्या आईबापांना पडतो. ब्रिटनमध्ये जन्मापासून देता येणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या पावडरीची जाहिरात करणे आणि तिच्यावर सवलत देणे कायद्याने मना आहे, आणि म्हणून तिच्यावर कार्डाची किंमत नसते आणि खरेदीवर पॉइंट्सही मिळत नाहीत. स्तनपानाला धक्का लागू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

मात्र बचतीचा मार्ग दुसरीकडे आहे. इथे विकल्या जाणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या सर्व पावडरींना कायद्याने ठरवलेले पोषणाचे निकष पाळावेच लागतात, मग डबा आल्डीच्या स्वतःच्या मामिया या नावाचा असो किंवा त्याहून कितीतरी महाग कंपनीचा. महाग डबा म्हणजे बाळासाठी अधिक चांगला, ही समजूत क्रॉयडनकरांनी सांगितलेल्या नियामकाच्या पाहणीतही ठळकपणे पुढे आली होती आणि ती निराधार आहे, असे त्यांनी सांगितले आहे.

तुमचे बाळ सात महिन्यांचे आहे, त्यामुळे आणखी एक सांगते. सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या टप्प्याच्या पावडरीला हे जाहिरातीचे बंधन नाही, तिच्यावर ऑफर आणि पॉइंट्स दोन्ही असू शकतात, आणि ते पाहून अनेकजण डबा बदलतात. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा सल्ला असा आहे की सहा महिन्यांनंतर दुसऱ्या टप्प्यावर जाण्याने बाळाला काही अधिक मिळत नाही आणि पहिल्या टप्प्याचेच दूध वर्षाचे होईपर्यंत चालू ठेवता येते. तेव्हा ऑफर आहे म्हणून डबा बदलू नका आणि बाळाला काही विशेष त्रास असेल तर आपल्या हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे लहान बाळांची देखरेख करणाऱ्या आरोग्यसेविकेला, विचारून मगच काय ते ठरवा.


सावध ग्राहक

नोंदींच्या प्रश्नावर मी थोडे वेगळे मत मांडतो. मी बहुतेक खरेदी आल्डीतून करतो आणि त्याचे एक कारण तिथे कार्डच नाही हे आहे. कार्ड दाखवताना आपण नाव, पत्ता, कोणत्या दिवशी किती वाजता काय घेतले, घरात बाळ आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे सर्व दुकानाला सांगत असतो. दुकानाला ही माहिती मोलाची वाटते आणि तिच्या बदल्यात ते आपल्याला कमी किंमत देतात. हा व्यवहार करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु तो व्यवहार आहे हे विसरू नये. दोन किमती लावल्यावर कार्ड नाकारणाऱ्याला प्रत्यक्षात दंड बसतो, ही माझी यावरची मुख्य हरकत आहे.

ब्रिटनच्या माहिती संरक्षण कायद्यानुसार दुकानाकडे आपल्याविषयी कोणती माहिती आहे याची प्रत आपण विनामूल्य मागू शकतो आणि सर्वसाधारणपणे एका महिन्यात ती देणे त्यांना बंधनकारक असते. मी एकदा एका साखळी दुकानाकडून ती मागवली होती. काही वर्षांच्या खरेदीची ओळ न् ओळ तीत होती, अगदी एकाच केळ्याच्या खरेदीसह. ज्यांना ही बाब किरकोळ वाटते त्यांनी ती प्रत जरूर मागवून वाचावी. निदान जाहिरातींच्या ईमेलना नोंदणीच्या वेळीच नकार द्यावा, कारण एरवी घेतल्या नसत्या अशा वस्तू त्या ईमेलमुळेच घेतल्या जातात.

खर्च वाढण्याचा धोका मला नोंदींहूनही मोठा वाटतो. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील मोठ्या दुकानांना चॉकलेट, चिप्स, गोड पेये अशा पदार्थांवर ‘एकावर एक फुकट’ किंवा ‘दोन घ्या, कमी द्या’ अशा ऑफर ठेवता येत नाहीत. मात्र एकट्या पाकिटाची किंमत कार्डावर उतरवण्यास मनाई नाही, त्यामुळे त्या मोहाची जागा आता कार्डाच्या किमतीने घेतली आहे. यादीत नसलेली वस्तू निम्म्या किमतीला आणली तरी तेवढा खर्च वाढलेलाच असतो. संध्याकाळी उशिरा पिवळी चिकटपट्टी लावून उतरवलेल्या ब्रेड, दही आणि भाज्यांच्या किमतीला मात्र बहुधा कोणतेही कार्ड लागत नाही. तुमचे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे तुम्हाला त्याचा उपयोग होईल.


रेडिंगवासी

पुन्हा एकदा मनापासून आभार. पावडरीचा डबा आम्ही दुसऱ्या टप्प्याचा आणायच्या बेतात होतो, तो विचार आता सोडून दिला आहे. शेवटची एक शंका आहे. टेस्कोचे साठलेले पॉइंट्स कसे वापरले म्हणजे त्यांचा सर्वाधिक फायदा होतो, आणि मी व यजमानांनी वेगवेगळी खाती उघडावीत का?


हिशेबी

वेगळी खाती उघडू नका. टेस्कोत किमान १५० पॉइंट्स झाल्यावर दीड पौंडाचे व्हाउचर बनते आणि ही व्हाउचरे साधारणपणे वर्षातून चार वेळा येतात. तुमची थोडी खरेदी आल्डीत, थोडी भारतीय दुकानात आणि उरलेली टेस्कोत होणार, म्हणजे पॉइंट्स हळूहळूच साठतील; दोन खात्यांत विभागले तर दोन्हीकडे रेंगाळतील. एकाच खात्यावर घरातील सगळ्यांची खरेदी होऊ द्या, सासूबाईंचे कार्डही त्याच खात्याचे असू द्या.

व्हाउचर टेस्कोत किराण्यावर वापरले तर छापलेली रक्कम मिळते. त्यांच्या भागीदार कंपन्यांकडे, म्हणजे काही उपाहारगृहे, सहलीची ठिकाणे वगैरेंकडे, तेच दुप्पट किमतीला चालते; जून २०२३ पर्यंत ते तिप्पट चालत असे. तुम्ही एरवीही त्या ठिकाणी पैसे भरून जाणार असाल तरच दुपटीचा फायदा खरा, नाहीतर किराण्यातच वापरून टाका. व्हाउचरची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे घाई नाही. डिसेंबरच्या मोठ्या खरेदीसाठी ती राखून ठेवणारी अनेक कुटुंबे माझ्या माहितीत आहेत आणि बाळाचे कपडेही टेस्कोतूनच घेत असाल तर व्हाउचर त्यांवरही चालते.